जोसेफ लिस्टर आणि ऑपरेशनची जखम : जखमांचे प्रकार कोणते आणि शरीर त्या कशा भरून काढते?

तुमचे किंवा घरातल्या कोणाचे ऑपरेशन झाले असेल, तर सकाळी राउंडला आलेले डॉक्टर काय विचारतात हे तुम्हाला आठवत असेल. ताप आला होता का, पट्टी ओली झाली का, जखम ठणकते का, वास येतो का. प्रश्न साधे वाटतात, पण दीडशे वर्षांपूर्वी त्यांची उत्तरे बहुतेक वेळा 'हो' अशीच असत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. जखमेत पू होणे हा ती बरी होण्याचाच एक भाग आहे, असे तेव्हाचे सर्जन मानत.

हे चित्र बदलण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा आहे, ते ब्रिटिश सर्जन म्हणजे जोसेफ लिस्टर. चूळ भरण्याच्या लिस्टरिन या औषधामुळे त्यांचे नाव तुमच्या कानावरून गेले असेल. ते औषध त्यांनी बनवलेले नाही, फक्त त्याला त्यांचे नाव दिले गेले. त्यांचे खरे काम जखमांवर होते. या लेखात आपण त्यांचे आयुष्य पाहू आणि त्याबरोबरच तुमच्या जखमेत नेमके काय चालू असते हेही समजून घेऊ.

सूक्ष्मदर्शकाच्या घरातले बालपण

लिस्टर यांचा जन्म 5 एप्रिल 1827 रोजी लंडनजवळच्या अप्टन येथे झाला. घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, मोजके बोलणे आणि कामात काटेकोरपणा ही त्या घराची रीत होती. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर यांचा वाइनचा व्यापार होता, पण त्यांचा जीव भिंगांमध्ये रमत असे. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून वस्तूंच्या कडा रंगीत आणि धूसर दिसत. हा दोष कमी करणारी भिंगांची रचना त्यांनी शोधली आणि त्यासाठी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. थोडक्यात, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी पाहण्याचे साधन या मुलाच्या घरातच होते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे क्वेकरांना बंद असल्याने लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. मधल्या काळात त्यांना देवी आल्या, मानसिक थकव्यामुळे शिक्षणही काही काळ थांबवावे लागले. तरीही 1852 साली ते डॉक्टर झाले. पुढच्या वर्षी ते एडिंबरोला जेम्स साइम या नामांकित सर्जनकडे काही आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि तिथेच राहिले. 1856 मध्ये साइम यांची मुलगी अॅग्नेस हिच्याशी त्यांचे लग्न झाले. पंथाबाहेर लग्न केल्यामुळे त्यांना क्वेकर पंथ सोडावा लागला. त्यांना मूल झाले नाही. पण अॅग्नेस पुढे आयुष्यभर त्यांची सहकारी राहिली. प्रयोगांच्या वह्यांमधली कित्येक पाने तिच्या हस्ताक्षरात आहेत.

बेडकाच्या पायात दिसलेली पहिली पायरी

लिस्टर यांचे सुरुवातीचे संशोधन जंतूंवर नव्हते, ते दाहावर होते. बेडकाच्या पायाचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याला थोडा त्रास दिला, की रक्तवाहिन्या कशा रुंदावतात आणि आतले रक्त कसे मंदावून चिकटू लागते, हे ते तासन्‌तास पाहत. हे काम 1857 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले. रक्त गोठते कसे, यावरही त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले.

ते जे पाहत होते ती जखम भरण्याची सुरुवात होती. आज आपण ही प्रक्रिया चार टप्प्यांत सांगतो :

1. रक्त थांबणे : कापल्यावर काही मिनिटांतच रक्तवाहिन्या आक्रसतात, प्लेटलेट्स एकत्र येतात आणि फायब्रिन या प्रथिनाचे जाळे तयार होऊन गाठ बसते. ही गाठ भोक बुजवते. पुढच्या पेशींना चढून येण्यासाठी मांडवही तीच पुरवते.

2. दाह : पहिले तीन-चार दिवस जखमेच्या कडा थोड्या लालसर, कोमट आणि सुजलेल्या असतात. पांढऱ्या पेशी तिथे जमून जंतू आणि मृत पेशी गिळत असतात. ही सूज हळूहळू कमी होत असेल तर घाबरू नका, शरीर साफसफाई करत आहे.

3. भरण : साधारण चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणले जातात. उघड्या जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसते, त्याला मांसांकुर म्हणतात. रुग्ण ते पाहून घाबरतात, पण ते चांगले लक्षण आहे. कडांवरून त्वचेच्या पेशी आत सरकतात. टाके घातलेल्या स्वच्छ जखमेवर तर 24 ते 48 तासांतच पातळ आवरण तयार होते.

4. पक्केपणा : हा टप्पा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालतो. धाग्यांची पुन्हा पुन्हा मांडणी होते आणि लाल वण फिका, सपाट होत जातो.

जखम वरून मिटली म्हणजे आतून पक्की झाली, असे नाही. तीन आठवड्यांनंतरही तिची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच असते. तीन महिन्यांनी ती सुमारे 80 टक्क्यांवर येते आणि पूर्ववत कधीच होत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर टाके निघाल्यावरही भरलेली बादली किंवा गॅसची टाकी उचलू नका असे डॉक्टर सांगतात, ते यामुळेच.

ग्लासगोचे वॉर्ड

1860 मध्ये लिस्टर ग्लासगो विद्यापीठात सर्जरीचे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी तिथल्या रॉयल इन्फर्मरीत त्यांना वॉर्ड मिळाले. इमारत नवी होती, तरी रुग्ण जुन्याच आजारांनी दगावत होते. जखम सडणे, रक्तात पू पसरणे, त्वचेवर पसरणारी लाली, धनुर्वात हे सगळे नेहमीचेच झाले होते. भूल 1846 पासून उपलब्ध होती, त्यामुळे ऑपरेशनच्या वेदना टळल्या होत्या. पण त्यानंतरचा मृत्यू टळला नव्हता. उलट सर्जन अधिक ऑपरेशने करू लागले, आणि सर्वांत जुना, रक्ताने कडक झालेला कोट अंगावर असणे ही अनुभवाची खूण समजली जात असे.

दूषित हवा, म्हणजे वॉर्डातली घाण वाफ, जखमा नासवते असे बहुतेकांचे मत होते. लिस्टर यांना एक गोष्ट खटकत होती. हाड मोडले पण त्वचा शाबूत असली, तर रुग्ण सहसा बरा होई. तेच हाड मोडून त्वचा फाटली असेल, तर जखम सडे, पाय कापावा लागे आणि बरेचदा रुग्णही जाई. मोडलेले हाड तेच, फरक फक्त त्वचेतल्या भोकाचा. बरे, हवेच्या स्पर्शानेच जखम सडते म्हणावे, तर बरगडी मोडून फुप्फुसाला भोक पडते तेव्हा छातीत हवा शिरूनही तिथे पू होत नाही. मग हवा दोषी नाही, हवेबरोबर येणारे काहीतरी दोषी आहे आणि श्वासनलिकेतून जाताना ते गाळले जात असावे, असा त्यांचा तर्क होता.

1865 च्या सुमारास रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी त्यांचे लक्ष लुई पाश्चर यांच्या कामाकडे वेधले. पदार्थ आंबतात आणि सडतात ते सूक्ष्म जीवांमुळे, हे पाश्चर यांनी दाखवले होते. लिस्टर यांना त्यात आपल्या कोड्याचे उत्तर दिसले. पाश्चर उष्णतेने जंतू मारत. माणसाचा पाय काही उकळता येत नाही, तेव्हा रसायन हवे होते. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला कार्बोलिक आम्ल वापरले जाते, हे त्यांनी वाचले होते. त्यांनी तेच निवडले.

एका मुलाचा पाय

पहिला प्रयत्न फसला. मग 12 ऑगस्ट 1865 रोजी जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा इस्पितळात आला. त्याच्या डाव्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. नडगीचे हाड मोडले होते आणि वर उघडी जखम होती. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी जखमेवर ठेवली, पायाला फळ्या बांधल्या आणि चार दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा पू नव्हता, वासही नव्हता. औषधाने त्वचा मात्र थोडी पोळली होती, म्हणून ते पातळ करून वापरले. सहा आठवड्यांत हाड जुळले आणि मुलगा आपल्या पायांनी घरी गेला.

त्यांच्या आणखी एका निरीक्षणाची माहिती फार थोड्यांना असते. औषधाच्या थराखाली गोठलेले रक्त सडले नाही, तर हळूहळू त्याच्यात रक्तवाहिन्या शिरून त्याचे जिवंत मांस झाले. म्हणजे जखम औषध भरत नव्हते, शरीरच भरत होते. औषधाचे काम एवढेच, की शरीराच्या कामात जंतूंनी खोडा घालू नये. आजही हेच खरे आहे. कोणतेही मलम जखम भरत नाही, ते फक्त वाट मोकळी ठेवते.

1867 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी उघड्या अस्थिभंगाचे 11 रुग्ण मांडले. त्यांतले 9 बरे झाले, एकाचा पाय कापावा लागला आणि एक दगावला. पुढे त्यांनी पाय-हात कापण्याच्या ऑपरेशनांचाही हिशोब दिला. नव्या पद्धतीपूर्वी 35 पैकी 16 रुग्ण गेले होते, नव्या पद्धतीनंतर 40 पैकी 6.

तुमची जखम कोणत्या प्रकारची?

लिस्टर यांच्या लक्षात आलेला मुद्दा असा, की जखम किती मोठी यापेक्षा तिच्यात जंतू किती शिरले हे अधिक महत्त्वाचे. आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे :

• स्वच्छ जखम : निर्जंतुक वातावरणात केलेला छेद, ज्यात आतडे, श्वासमार्ग किंवा मूत्रमार्ग उघडलेला नाही. उदा. हर्निया, थायरॉइड, स्तनाचे ऑपरेशन. संसर्गाची शक्यता सर्वांत कमी.

• स्वच्छ-दूषित जखम : वरीलपैकी एखादा मार्ग उघडावा लागतो, पण ठरवून आणि काबूत ठेवून. उदा. पित्ताशय किंवा गर्भाशय काढणे.

• दूषित जखम : ताजी अपघाती जखम, किंवा ऑपरेशन करताना आतड्यातला मळ सांडला असेल तर. जेम्सचा पाय या गटात मोडतो.

• घाण किंवा संसर्ग झालेली जखम : आधीच पू झालेला असतो, किंवा आतडे फुटलेले असते. उदा. गळू, फुटलेले अपेंडिक्स.

डिस्चार्ज कार्डावर हा प्रकार लिहिलेला नसला, तर डॉक्टरांना जरूर विचारा. शेजारच्या बेडवरच्या रुग्णाचे टाके सातव्या दिवशी निघाले आणि तुमची जखम अजून उघडीच आहे, याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

जेवणाच्या टेबलावरचे ऑपरेशन

1867 च्या जूनमध्ये लिस्टर यांच्यापुढे वेगळीच वेळ आली. त्यांची बहीण इझाबेला हिला स्तनाचा कर्करोग झाला होता. इतर सर्जनांनी ऑपरेशनला फारसे प्रोत्साहन दिले नाही. एवढ्या मोठ्या जखमेनंतर रुग्ण पू होऊन जाण्याची भीती खरीच होती. लिस्टर एडिंबरोला सासऱ्यांचा सल्ला घेऊन आले आणि त्यांनी ऑपरेशन करायचे ठरवले. इस्पितळाच्या वॉर्डात तिला नेले नाही. ग्लासगोतल्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, भूल देऊन त्यांनी स्वतः ते केले. हात, हत्यारे आणि जखम कार्बोलिकने धुतली होती. जखम पू न होता भरली.

इझाबेला पुढे साधारण तीन वर्षे जगली, मग कर्करोग उलटला. जखमेचा संसर्ग टाळणे आणि मूळ आजार बरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधल्याशिवाय दुसरीला हातच घालता येत नाही, आणि लिस्टर यांनी पहिली साधून दिली.

जखम तीन रीतींनी भरते

1. कडा जुळवून : छेद सरळ असतो, कडा टाक्यांनी जवळ आणलेल्या असतात. शरीराला भरायला अगदी थोडी जागा असते. वण बारीक राहतो. चेहऱ्याचे टाके साधारण 5 दिवसांनी, पोटाचे 7 ते 10 आणि हातापायांचे 10 ते 14 दिवसांनी काढतात.

2. तळापासून वर : जखम मुद्दाम उघडी ठेवतात आणि ती तळातून मांसांकुरांनी भरत वर येते. वेळ लागतो, वण मोठा राहतो. पण आत पू असताना वरून टाके घातले, तर तो कोंडून आतच पसरतो.

3. थोडे थांबून टाके : दूषित जखम चार-पाच दिवस उघडी ठेवून, ती स्वच्छ राहिली तर मग टाके घालतात.

दुसऱ्या रीतीचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. सप्टेंबर 1871 मध्ये राणी व्हिक्टोरिया यांना काखेत मोठे गळू झाले आणि लिस्टर यांना बालमोरलला बोलावले गेले. त्यांनी ते उघडले, पण आतला पू नीट निचरत नव्हता. तेव्हा त्यांनी रबरी नळीचा तुकडा कार्बोलिकमध्ये भिजवून जखमेत ठेवला. निचरा सुरू झाला आणि राणी बऱ्या झाल्या. तुमच्या ऑपरेशननंतर पोटाच्या बाजूने नळी काढून ठेवली असेल, तर तिचे काम तेच असते.

विरघळणारे टाके, आणि सोडून दिलेला फवारा

त्या काळी आतली रक्तवाहिनी रेशमी दोऱ्याने बांधत आणि त्याची टोके जखमेबाहेर लोंबत ठेवत. दोरा सडून सुटेपर्यंत पू येत राही, कधी अचानक रक्तस्राव होई. लिस्टर यांनी मेंढीच्या आतड्यापासून बनवलेली तात, म्हणजे कॅटगट, जंतुनाशकात मुरवून वापरून पाहिली. एका वासराच्या मानेतली रक्तवाहिनी तिने बांधली. महिन्याभराने पाहिले, तर तातीच्या जागी जिवंत ऊतक तयार झाले होते. आपोआप विरघळणाऱ्या आजच्या टाक्यांची वाट तिथून सुरू झाली.

1869 मध्ये ते एडिंबरोला परतले. हवेतले जंतू मारण्यासाठी 1871 च्या सुमारास त्यांनी कार्बोलिकचा फवारा सुरू केला. ऑपरेशन चालू असताना सगळी खोली धुक्याने भरून जाई, सर्जनांचे हात बधिर आणि पांढरे पडत, खोकला येई. पुढे लक्षात आले, की खरा धोका हवेपेक्षा हात, हत्यारे आणि त्वचा यांच्याकडून आहे. लिस्टर यांनी 1887 मध्ये फवारा बंद केला आणि 1890 मध्ये बर्लिनच्या परिषदेत, तो सुचवल्याबद्दल खेद वाटतो, असे जाहीरपणे सांगितले.

विरोध लंडनमध्ये सर्वाधिक होता. 1877 मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका रुग्णाची मोडलेली गुडघ्याची वाटी तारेने जोडली. यासाठी त्यांना शाबूत त्वचा मुद्दाम कापावी लागली, म्हणजे बंद अस्थिभंग उघडा करावा लागला. रुग्ण दगावला असता, तर सर्जनवर गुन्हा दाखल करावा अशी टीका आधीच झाली होती. जखम पू न होता भरली आणि लंडनचे मत वळू लागले. त्यानंतर जर्मनीत वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत आली, अमेरिकेत रबरी हातमोजे आले. जंतू जखमेत शिरल्यावर मारण्यापेक्षा ते शिरूच द्यायचे नाहीत, हा आजच्या ऑपरेशन थिएटरचा नियम झाला.

अखेरची वर्षे

मान खूप मिळाला. 1895 ते 1900 ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते, 1897 मध्ये उमरावपद मिळाले. पण 1893 मध्ये इटलीत सुटीवर असताना अॅग्नेस न्यूमोनियाने गेली आणि त्यांचे संशोधन जवळजवळ थांबले. 10 फेब्रुवारी 1912 रोजी केंटमधील वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाचा मान देऊ केला होता, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना वेस्ट हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत पत्नीशेजारी पुरले.

तुम्ही काय कराल?

• जखमेला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवा. पट्टी बदलणाऱ्या घरच्यांनीही.
• हळद, राख, टूथपेस्ट, पावडर जखमेवर लावू नका.
• भात, डाळ किंवा आंबट खाल्ल्याने टाके पिकत नाहीत. उलट डाळी, दूध, अंडी यांतली प्रथिने आणि लिंबू-आवळ्यातले क जीवनसत्त्व कोलॅजेन विणायला लागते. लंघन करू नका.
• मधुमेह असेल तर साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवा.
• विडी, सिगारेट आणि तंबाखू बंद ठेवा. त्यांनी जखमेचा रक्तपुरवठा आटतो.
• अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका आणि दिलेले अर्धवट सोडू नका.

यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा :

• कमी होत आलेली लाली, सूज किंवा वेदना पुन्हा वाढणे
• पू, घाण वास, किंवा पट्टी वारंवार ओली होणे
• ताप किंवा थंडी वाजणे
• टाके उसवणे किंवा कडा उघडणे

पोटाच्या जखमेतून अचानक भरपूर गुलाबी पाणी आले किंवा आतला भाग बाहेर डोकावू लागला, तर ओल्या स्वच्छ कापडाने झाकून लगेच इस्पितळ गाठा. संसर्ग ऑपरेशननंतर 30 दिवसांपर्यंत दिसू शकतो. सांधा, प्लेट किंवा जाळी बसवली असेल, तर 90 दिवसांपर्यंत लक्ष ठेवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या जखमेबाबतचा निर्णय तुमच्या सर्जनच्या सल्ल्यानेच घ्या.)